रेग्युलेटर हलवला: फायरवॉलचा वरचा डावा कोपरा

मंडळी, तीन आठवड्यांत विमानावर नवीन काहीच चढलं नाही. बसवलेली एक वस्तू काढून दुसरीकडे बसवली, एवढंच. माझ्या झेनिथ सीएच ७५० या छोट्या विमानातल्या रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे इंजिनावरच्या जनरेटरची वीज बॅटरीजोगी करणारा डबा.

आधी तो फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधला आगरोधक पत्रा) इंजिनाच्या बाजूला, खाली होता. वायरी आखूड पडतात म्हणून ती जागा धरली, पण मफलर तिथून जेमतेम वीतभर. वीस मिनिटं इंजिन चालवून काऊल (इंजिनावरचं झाकण) उघडलं, तर रेग्युलेटरच्या एका पिवळ्या वायरीच्या लगवरचं (टोकाच्या धातूच्या जोडावरचं) प्लास्टिक तपकिरी पडलेलं. दोन बोटांत धरून ओढलं, लग अलगद हातात आला. डब्यावर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीत ७७ अंशांचा चौकोन काळा झाला होता. रोटॅक्सची मर्यादा ८० आहे, आणि तेव्हा ओहायोतला मार्च होता, बाहेर १२ अंश! जुलैत काय झालं असतं?

इंजिनाची धग एकीकडे, डब्याची स्वतःची दुसरीकडे. १५ ॲम्पिअर वाहताना आतल्या डायोड-थायरिस्टरवर (एसीची डीसी करणारे भाग) दीड-दोन व्होल्ट पडतात, म्हणजे बावीस ते तीस वॅट त्या छोट्या डब्यातच मुरतात. ती उष्णता बाहेर निघायलाच हवी.

केबिनच्या बाजूला लावावा का, यावर आठवडाभर विचार केला. तिथे गार असतं, बरेच जण तसं करून सुखाने उडतात. पण पॅनेलमागे वारा नाही, आणि हा डबा जळलाच तर धूर माझ्या नाकाशी. ते मला नको.

म्हणून इंजिनाच्याच बाजूला, पण वर डावीकडे. फायरवॉलचा स्टेनलेसचा पत्रा उष्णता नीट वाहून नेत नाही. त्यामुळे ३ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट फायरवॉलपासून १२ मिमी पुढे स्पेसरवर उभी केली आणि थर्मल पेस्ट लावून रेग्युलेटर तिच्यावर कसला. काऊलच्या पुढच्या तोंडातून २५ मिमीची नळी आणून थेट रेग्युलेटरच्या डब्यावरच्या फिन्सवर वारा सोडला. जुनी भोकं स्टेनलेस रिव्हेट आणि आगरोधक सीलंटने बुजवली. व्होल्टेज सपाट ठेवणारा कपॅसिटर मात्र केबिनच्या बाजूलाच ठेवला, त्याला उष्णता सोसत नाही.

अर्थिंगकडे नीट बघा. या रेग्युलेटरची बॉडी म्हणजेच त्याचा मायनस. स्पेसरच्या भरवशावर न राहता बोल्टाखालचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, शिवाय बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी काळी वायर ओढली.

वायरी सुट्याच होत्या म्हणून रेग्युलेटरच्या सी टोकाचं व्होल्टेजही मोजलं. बसपेक्षा (विमानातल्या उपकरणांना वीज वाटणारी पट्टी) ०.३ व्होल्ट कमी! रेग्युलेटर याच टोकावर व्होल्टेज बघतो, म्हणजे तेवढे जास्तीचे व्होल्ट बॅटरीच्या माथी. त्या वायरीचा स्विचवरचा लग ढिला होता. नवा दाबून बसवला (क्रिम्प केला), फरक ०.०४ वर आला.

शनिवारी तेवढेच आरपीएम, तेवढीच वीस मिनिटं, बाहेर १४ अंश. नव्या पट्टीवर ६० चा चौकोन पांढराच राहिला. पट्टी तशीच ठेवली आहे, जुलैतला आकडा इथे लिहीन.