प्लास्टिकमधून उजेड निघतो कसा?

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात चमकणारं पॉलिमर (छोट्या कड्या जोडून झालेल्या लांबलचक साखळ्यांचा पदार्थ; प्लास्टिक त्यातलंच) मांडलं, की पालकांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, वीज लागू नये म्हणून तर वायरीवर प्लास्टिक असतं. मग ह्यातून उजेड कसा निघतो?" गर्दीत उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही. तोच प्रश्न तुम्हीही विचारलात, म्हणून जरा सविस्तर.

शंका रास्त आहे. पिशवीच्या पॉलिथिनमध्ये कार्बनचे अणू एकेरी बंधांनी जोडलेले असतात आणि इलेक्ट्रॉन जागच्या जागी जखडलेले. पण साखळीत एकाआड एक दुहेरी बंध आले, की काही इलेक्ट्रॉन अनेक अणूंचे सामाईक होतात. त्यांना उत्तेजित करायला थोडी ऊर्जा पुरते, आणि ती परत सोडताना डोळ्यांना दिसणारा प्रकाश मिळू शकतो. असा रेणू तुमच्या घरातही आहे. ज्या सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा पिवळेपणा कर्क्युमिनचा; त्यात असेच बंध आहेत. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा (गॅसपासून लांब!), गाळ बसला की वरच्या निवळीवर अंधारात नोटा तपासायचा जांभळा दिवा धरा. पोपटी उजेड दिसेल.

विजेवर पेटणारं पॉलिमर जगापुढे आलं 1990 साली. केंब्रिजमध्ये बरोज, ब्रॅडली, फ्रेंड, होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीपीव्ही नावाच्या पॉलिमरचा अतिशय पातळ थर दोन इलेक्ट्रोडांमध्ये, म्हणजे वीज आत-बाहेर नेणाऱ्या थरांमध्ये, ठेवला आणि त्यातून हिरवट पिवळा प्रकाश मिळवला. एका बाजूनं इलेक्ट्रॉन शिरतो, दुसरीकडून इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. दोघं भेटले की ऊर्जेची जी जोडगोळी तयार होते, तिला एक्सायटॉन म्हणतात.

माझा जीव अडकलाय तो ह्याच्या पुढच्या भागात. एक्सायटॉन जिथे जन्मतो तिथेच उजळतो असं नाही. साखळी सरळ नसते. पिळांनी आणि वाकांनी तिचे लहानमोठे तुकडे पडलेले असतात. लांब तुकड्याची ऊर्जापातळी खाली, आखूड तुकड्याची वर. कृष्णेचं पाणी चढलं की आधी सखल भाग धरतं, तशी ही ऊर्जा खालच्या पातळीकडे सरकत जाते, शेजारच्या साखळीवरही उडी घेते. ह्या उडीचं गणित जर्मन शास्त्रज्ञ फोर्स्टर यांनी 1948 मध्ये मांडलं होतं. वेग अंतराच्या सहाव्या घातानं घटतो: अंतर दुप्पट झालं की वेग चौसष्टपटीनं कमी. एक्सायटॉनचं आयुष्य नॅनोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या) आसपास, तेवढ्यात तो साधारण 10 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) भटकतो आणि मग उजळतो. म्हणजे रंग बहुसंख्य तुकडे ठरवत नाहीत, सगळ्यांत खालच्या पातळीवरचे मोजके ठरवतात.

पॉलिफ्लुओरीनचं उदाहरण घ्या. सुंदर निळा प्रकाश देणारं पॉलिमर, पण ऑक्सिजन लागला की साखळीच्या काही कड्यांचं फ्लुओरेनोन नावाच्या, खालच्या ऊर्जापातळीच्या रूपात रूपांतर होतं. अशा कड्या शंभरात एकीहूनही कमी असल्या तरी आजूबाजूची ऊर्जा तिथे जमते आणि थर हिरवट दिसू लागतो. तेच पॉलिमर पुष्कळ पातळ द्रावणात ठेवलं तर साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात, उड्या कमी होतात आणि निळा बराचसा टिकतो. शुद्धतेबद्दल मी विद्यार्थ्यांच्या मागे लागते ते ह्यामुळे.

ह्याच भटकंतीचा उपयोग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ टिमथी स्वेगर यांनी स्फोटकं शोधायला केला. टीएनटी ह्या स्फोटकाचा एक रेणू पॉलिमरला चिकटला, की जवळून जाणाऱ्या एक्सायटॉनमधला इलेक्ट्रॉन तो ओढून घेतो आणि प्रकाश मंदावतो. सुट्या रंगद्रव्यात एका रेणूमागे एकच रेणू विझला असता. इथे एक चिकटलेला रेणू साखळीच्या मोठ्या भागाचा प्रकाश घालवतो. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

"मग मोबाईलमध्ये हेच असतं का?" हा लगेच येणारा पुढचा प्रश्न. मोबाईलच्या ओएलईडी पडद्यांत (सेंद्रिय पदार्थ विजेवर उजळवणाऱ्या पडद्यांत) बहुतेक करून पॉलिमर नसतात, छोटे सेंद्रिय रेणू असतात. पण यजमान पदार्थात हव्या त्या रंगाचे थोडे पाहुणे रेणू मुद्दाम मिसळलेले असतात, आणि यजमानात तयार झालेली ऊर्जा त्यांच्याकडे वळवून प्रकाश घेतात तो पाहुण्यांचाच.