गाढेश्वरचा काठ: सरळ दिसतो, तसा नाही

आजचा रविवार पनवेलजवळच्या गाढेश्वर तलावाच्या काठाने. नेरे गाव ओलांडलं की माथेरानच्या डोंगराची भिंत समोर, उत्तरेला चंदेरी किल्ल्याचा सुळका. पनवेलहून धोदाणीची एसटी याच रस्त्याने जाते. परतीच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवावी.

काठाची खरी गंमत (आणि ताप) चिखलात. पाणी ओसरतं तसा उघडा पडलेला पट्टा वरून वाळून भेगाळतो, खाली मात्र गाळ ओलाच. भेगांच्या कडा वर वळलेल्या असतील तर बहुतेक ठिकाणी पाय तरतो. पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत आणि काळपट दिसला की घोट्यापर्यंत आत! आधी काठी रोवून बघा. नाहीतर सरळ वरची ढोरवाट धरा. गुरं उगाच वळसा घालत नाहीत.

ओढ्यातल्या काळ्या कातळावरचं वाळलेलं शेवाळ ओला बूट लागताच पुन्हा निसरडं होतं. तिथे उडी नको, पूर्ण तळवा टेकवून छोटी पावलं. उतारावरच्या घसाऱ्यात (सुट्ट्या दगड-मातीत) दोघांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा, वरच्याने सोडलेला दगड खालच्याच्या पायावर येतो. उतरण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी घट्ट करा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं होणार.

माणशी 3 लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. तलावात पोहायचं नाही; काठ दोन पावलांत खोल होतो, तळाला गाळ. पावसाळ्यात इथे यायला बहुधा मनाई आदेश असतो, तेव्हा बेतच नको.