कामोल्लीयाच्या वेशीतून आत

मोंतेरिज्जोनीहून निघाले तेव्हा डाव्या टाचेला फोड आला होता आणि इटलीतलं सिएना वीसेक किलोमीटर लांब होतं. फोड आदल्या दिवशीचा, सान जिमिन्यानोपासूनच्या तीस किलोमीटरच्या चालीचा. आळंदी-पंढरपूर दोनदा झालंय माझं. तिथे फोड आला की कोणी अनोळखी मावशी सुईदोरा घेऊन शेजारी बसते. इथे मीच दगडावर बसून सुई ओवली आणि दोरा फोडातच ठेवून पुढे निघाले.

इंग्लंडमधलं कँटरबरी ते रोम या यात्रेच्या वाटेला व्हिया फ्रांचीजेना म्हणतात. मी तिच्यावरूनच चालत होते. इ.स. ९९० च्या सुमारास सिजेरिक नावाच्या आर्चबिशपने रोमहून परतताना आपले मुक्काम लिहून ठेवले. पालखीचं वेळापत्रक असावं तशी ती यादी आहे आणि सिएना तीत आहे. सिएनाला मोठी नदी नाही, बंदर नाही, पाण्याचे तर कायमचे हाल. डोंगराच्या पोटातून पंचवीसेक किलोमीटर भुयारं खोदून त्यांनी पाणी आणलं. तरी शहर फुगलं ते या रस्त्यामुळे. यात्रेकरू आले, मागोमाग व्यापारी आणि सावकारही आले.

पांढऱ्या धुळीची वाट, लाल-पांढऱ्या खुणा, पियान देल लागोचं सपाट रान, आणि मग एकदम डांबर आणि मोटारी. दुपारी कामोल्लीयाची वेस आली. कमानीवर लॅटिन ओळ आहे: सिएना तुझ्यासाठी या दारापेक्षाही आपलं हृदय मोठं उघडते. वाचून डोळे भरून आले. नंतर कळलं, ती ओळ १६०४ ची, फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूकच्या स्वागताची. १५५५ मध्ये शहराने ज्या मेदिचींच्या फौजांपुढे हात टेकले, त्याच घराण्याचा तो. म्हणजे आधी हरले, मग पाटी लावली. असो, माझे डोळे भरले ते भरले.

वेशीतून आत गेलं तरी वाट सुटत नाही. डोंगराच्या धारेवरून ती शहरभर जाते आणि पोर्ता रोमाना या दुसऱ्या वेशीतून बाहेर पडते. दोन्ही बाजूंना विटांचे उंच वाडे. मध्येच एक बोळ उजवीकडे खाली उतरतो आणि समोर पियाझ्झा देल काम्पो उघडतो.

हे मैदान डोळ्यांआधी पोटऱ्यांना कळतं. जमीन परातीसारखी खोलगट, सगळा उतार खालच्या पालाझ्झो पुब्लिकोकडे, म्हणजे नगरपालिकेच्या वाड्याकडे, आणि पावसाचं पाणीही तिकडेच. विटांच्या फरसबंदीचे पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी नऊ भाग केलेत. १२८७ ते १३५५ या काळात इथे ‘नऊ जणांचं’ सरकार होतं, त्याची ही आठवण. आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीत समाधी घेतली (१२९६) तो हाच काळ. पुढच्याच वर्षी, १२९७ मध्ये, इथे नियम झाला की मैदानाभोवतीच्या घरांच्या खिडक्या त्या वाड्याच्या खिडक्यांशी मिळत्याजुळत्या हव्यात. आपल्या नगरपालिकांना वाचून दाखवावा असा नियम. मी बूट काढून तापल्या विटांवर आडवी झाले. शेजारी निम्मं शहर तसंच पडलेलं होतं.

संध्याकाळी टेकडीवरच्या कॅथेड्रलकडे गेले. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे आडवे पट्टे. बाजूला एक उंच भिंत उभी आहे, मागे नुसतं आकाश. १३३९ मध्ये त्यांनी आहे ते कॅथेड्रल नव्या कॅथेड्रलची फक्त आडवी बाजू ठरेल एवढं मोठं बांधायला घेतलं. पाया कच्चा निघाला, १३४८ मध्ये प्लेग आला, काम थांबलं. ती भिंत पाडली नाही हे मला फार आवडलं.

कॅथेड्रलच्या समोरच सांता मारिया देल्ला स्काला, वाटसरूंचं जुनं रुग्णालय, आता संग्रहालय. पेलेग्रिनायो म्हणजे यात्रेकरूंच्या दालनात पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. एकात जखमी माणसाचे पाय धुताहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते, मुख्यतः एका पायावर.

पालाझ्झो पुब्लिकोतलं आम्ब्रोज्यो लोरेंझेत्तीचं सुराज्याचं चित्र (१३३८-३९) मात्र घाईत पाहिलं, बंद व्हायची वेळ झाली होती. त्यात शहराच्या वेशीपाशी एक शेतकरी डुकराला हाकत चढ चढतोय. डुक्कर काळं, खांद्यावर पांढरा पट्टा. त्या भागात ती जात अजून पाळतात.

पहाटे पोर्ता रोमानातून बाहेर पडले. पुढचा मुक्काम पोंते दार्बिया, पंचवीसेक किलोमीटर. फोड सुकला होता, दोरा तेवढा लोंबत होता.