पाच लिटर दुधातलं फॅट कुठे कुठे जातं: थंडीतल्या लोणी-तुपाच्या नोंदी

दही लागण्याचा प्रश्न सुटला की पुढचा प्रश्न हिशोबाचा असतो. दुधातून जेवढं फॅट घरात आलं, त्यातलं किती तुपाच्या बरणीत पोचलं आणि बाकीचं कुठे राहिलं? या हंगामात प्रत्येक घाण्याला हाच हिशोब मांडला आहे. त्यासाठी तीन साधनं पुरतात: एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, १२० अंशांच्या पुढेही वाचणारा थर्मामीटर आणि पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त). पट्ट्या ४ ते ५.५ या टापूतले बारीक फरक दाखवणाऱ्या घ्याव्यात. १ ते १४ वाल्या पट्ट्यांचा इथे काही उपयोग होत नाही.

दूध म्हशीचं, पंढरपुरी जातीच्या, सकाळच्या धारेचं. संकलन केंद्रावर तपासून घेतलं तेव्हा फॅट ७.० टक्के, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) ९.१ टक्के. लिटरला साधारण १.०३ किलो धरलं तर पाच लिटर म्हणजे ५.१५ किलो आणि त्यात फॅट सुमारे ३६० ग्रॅम. कितीही कसब लावलं तरी या दुधातून तूप ३६० ग्रॅमच्या वर जाणार नाही, हा आकडा आधीच वहीत लिहून ठेवावा. कुणी पाच लिटरला अर्धा किलो तूप निघालं म्हणत असेल तर दुधाचं फॅट विचारावं, नाहीतर तुपात पाणी राहिलंय असं समजावं.

सध्याचा निकाल असा. सगळ्या दुधाचं दही लावून घुसळलं तर लोणी ४१० ग्रॅम आणि त्याचं तूप ३१० ग्रॅम. नुसती साय काढून केलं तर साय साधारण ४५० ग्रॅम आणि तूप १७० ग्रॅम. दुसऱ्या पद्धतीत निम्मं फॅट दुधातच राहतं आणि चहात, पोटात जातं, म्हणून तो तोटा म्हणता येणार नाही. पण दोन्ही आकड्यांची तुलना करताना लोक ही गोष्ट विसरतात.

दूध तापवणं

धार काढल्यापासून दोन तासांच्या आत दूध गॅसवर चढलं पाहिजे. ताज्या दुधात जंतूंना थोडा वेळ रोखून धरणारे स्वतःचे घटक असतात. त्यांचा जोर ओसरला की आंबटपणा वाढू लागतो. शंका असेल तर पळीभर दूध वेगळं उकळून बघावं. ते फाटलं तर सगळं पातेलं चढवण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळून देतात तसं दूध मिळालं तर उत्तमच, पण या कामासाठी तेही तापवायचंच. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. शिवाय कच्च्या दुधात विरजणाच्या जंतूंना आधीच्या गर्दीशी झुंजावं लागतं.

एक उकळी काढून गॅस बंद करण्यापेक्षा ९० अंशांवर दहा मिनिटं दूध धरावं. या उष्णतेने दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, म्हणून दही घट्ट लागतं आणि पाणी धरून ठेवतं. सगळ्या दुधाचं दही घुसळायचं असेल तर तापवताना आणि कोमट होईपर्यंत मधून मधून ढवळत राहावं. नाहीतर वर जाड साय धरते, तिचे चिवट तुकडे पुढे लोण्यात येतात आणि कढवताना बेरी, म्हणजे तुपाच्या तळाशी बसणारा गाळ, वाढते. साईच्या पद्धतीत याच्या अगदी उलट: दुधाला हातही लावायचा नाही, उघडं निवू द्यायचं आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं.

विरजण

उन्हाळ्यात १ टक्का, थंडीत २ टक्के. म्हणजे पाच लिटरला मार्च ते मे ५० ग्रॅम आणि डिसेंबर-जानेवारीत १०० ग्रॅम. दुधाचं तापमान उन्हाळ्यात ३६-३७, थंडीत ४०. विरजण आधी वाटीभर दुधात मोडून घ्यावं. गोळा तसाच टाकला तर दही एका जागी आंबट आणि बाकी अदमुरं लागतं. थंडीत डबा थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी गरम पाण्याच्या दोन बाटल्या, वरून गोधडी. एवढ्यावर ते आठ तासांत लागतं, पण लागलं म्हणून लगेच घुसळायला घ्यायचं नाही. पीएच ४.५ पर्यंत खाली आला पाहिजे आणि त्याला आणखी चार-पाच तास जातात. ४.८ ला घुसळलेल्या दह्याला नुसता फेस येतो आणि ताकात फॅट राहून जातं. ४.३ च्या खाली गेलं तर लोणी निघतं, पण तुपाला उग्र आंबूस वास लागतो.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं. पितळेचं असेल तर कल्हई ताजी हवी, नाहीतर दही कळकतं.

दोन बिघाडांची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चमचा उचलला की तार सुटते, असं दही बहुधा फार कमी उबेत रेंगाळत लागलेलं असतं, नाहीतर विरजणात भलते जंतू शिरलेले असतात. अशा दह्यातून लोण्याचे कण सुटे होत नाहीत, द्रव फार चिकट असतो. विरजण बदलावं, भांडी उकळत्या पाण्याने काढावीत. दुसरा बिघाड जास्त गोंधळात टाकतो: दूध ताजं, विरजण चांगलं, ऊब बरोबर, तरी दहा तासांनीही दूध गोडच. अशा वेळी त्याच विरजणाने शेजारी कपभर पिशवीचं दूध विरजून बघावं. ते लागलं आणि हे लागलं नाही, तर दुधात प्रतिजैविकाचा अंश असण्याची दाट शक्यता आहे. कासदाहावर औषध दिलेल्या जनावराचं दूध ठरलेले दिवस वेगळं ठेवायचं असतं. गोठेवाल्याला तसं सरळ विचारावं आणि ते दूध प्यायलाही वापरू नये.

घुसळण

फॅटचा सगळ्यात मोठा चढउतार इथे होतो आणि तो जवळजवळ पूर्णपणे तापमानावर ठरतो. दुधातल्या फॅटचा काही भाग घट्ट आणि काही पातळ असतो. दोन्हींचं प्रमाण जमलं की कण एकमेकांवर आपटून चिकटतात. फार गार असेल तर कण टणक राहतात, आपटून परततात. तासभर घुसळूनही फेसच. फार कोमट असेल तर कण चिकटतात, पण मऊ पडून पुन्हा बारीक होतात आणि तेलकट ओशटपणा ताकावर तरंगतो.

सगळ्या दुधाच्या दह्याला १८ अंश आणि साईच्या दह्याला १३-१४ अंश चांगले पडतात. फरकाचं कारण असं की साईच्या दह्यात फॅट दाट असतं, कण जवळ जवळ असतात, म्हणून थोडे टणक असले तरी गाठ पडते. सात टक्क्यांच्या दह्यात ते दूर दूर असतात, तेव्हा जरा मऊ असलेले बरे. थंडीत पहाटे दही १३-१४ वर उतरलेलं असतं आणि 'थंडीत लोणी येत नाही' ही तक्रार इथूनच येते. कोमट पाणी बेताबेताने घालून ते १८ वर आणावं. पाणी ४५ अंशांच्या वर नको, जिथे पडतं तिथलं फॅट वितळतं. उन्हाळ्यात उलट, बर्फाचं पाणी.

पाच लिटर दह्याला दहा लिटरचं भांडं. निम्म्याहून जास्त भरलं तर दही नुसतं गोल फिरतं, उसळत नाही. आधी रवीने दही सारखं मोडून घ्यावं, मग घुसळावं. पहिली दहा मिनिटं फेस चढत जातो आणि रवी जड होते. त्यानंतर वीस मिनिटांच्या आसपास जे घडतं ते डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं: भरीव घुमणारा आवाज जाऊन छपछप सुरू होते. भांड्याच्या कडेवरून ओघळणारा पांढरा पातळ थर आतापर्यंत अखंड होता, तो फाटतो आणि त्यात मोहरीपेक्षा बारीक कण दिसू लागतात. फेस बसतो. या क्षणी अर्धा लिटर गार पाणी, ८-१० अंशांचं, भांड्याच्या कडेने ओतावं आणि घुसळण हळू करावी. कण ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की थांबायचं. गोळा होईपर्यंत जोरात घुसळत राहिलं तर ताक लोण्याच्या आत कोंडलं जातं आणि धुऊनही निघत नाही.

मिक्सरवर करता येतं, पण पातं कापणारं नको, घुसळणारं हवं, आणि दहा-दहा सेकंदांच्या झटक्यांनी. सलग चालवलं तर दही बघता बघता तीन-चार अंश तापतं.

ताकाचा हिशोब असा: लोणी ४१० ग्रॅम, त्यात पाचवा भाग पाणी धरलं तर फॅट साधारण ३२५ ग्रॅम. म्हणजे ३५ ग्रॅम ताकात गेलं. पाणी धरून ताक पावणेसात लिटरच्या आसपास भरतं, तेव्हा ते अर्धा टक्का फॅटचं झालं. त्याहून कमी घरच्या रवीवर साधेल असं वाटत नाही. ताक कढीला वापरायचं असेल तर पाणी बेतानेच घालावं.

धुणं आणि कढवणं

लोणी गार पाण्यात तीनदा, शेवटचं पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत. दाबत दाबत धुवावं, चोळू नये. राहिलेलं ताक म्हणजे प्रथिनं आणि साखर. तीच पुढे करपतात. धुतलेलं लोणी त्याच दिवशी कढवावं.

जाड बुडाचं पातेलं, निम्म्यापर्यंतच भरलेलं, कारण फेस वर येतो. आंच मध्यम. लोणी वितळून १०० अंश गाठतं आणि तिथे अडतं. पाणी उडून जाईपर्यंत थर्मामीटर १००-१०३ वर रेंगाळतो, मोठे बुडबुडे, तडतड आवाज. घाई करून आंच वाढवण्याची चूक इथेच होते: तापमान वाढत नाही, फक्त बुडाशी बेरी लागते. आवाज मंदावला आणि थर्मामीटर १०५ च्या पुढे सरकला की पाणी संपत आलं. आंच बारीक करावी आणि पातेल्यासमोरून हलू नये. बुडबुडे बारीक होतात, बेरी पांढऱ्याची बदामी होते, वास पालटतो. ११४-११५ ला गॅस बंद. बुडाच्या उष्णतेने आणखी तीन-चार अंश चढतातच. १२० च्या पुढे बेरी तपकिरी होऊन तुपाला जळकट वास लागतो.

म्हशीच्या तुपाला पिवळेपणा नसतो, त्यामुळे तुपाच्या रंगावर भरवसा ठेवू नये. बेरीच्या रंगावर ठेवावा. शेवटी विड्याचं पान घालण्याची रीत मला फार उपयोगी वाटते. वासासाठी ती आहेच, पण पान कुरकुरीत झालं की तुपातलं पाणी गेलं हेही कळतं. थर्मामीटर नसलेल्यांनी हीच खूण धरावी.

गाळताना तूप ६०-७० अंशांवर आणावं. फडकं, गाळणं, बरणी, तिन्ही कडकडीत कोरडी. महिनाभरात तुपाला कुबट वास येण्यामागे बहुतेक वेळा ओलसर बरणीच असते.

बेरीत साधारण १५ ग्रॅम फॅट अडकलेलं असतं. हिशोबातली शेवटची गळती ती. कणकेत मळून किंवा गूळ घालून ती सत्कारणी लागते.

रवा

कणीदार तूप ही कढवण्याची नव्हे, निवण्याची कला आहे. तुपातले उशिरा वितळणारे घटक २८-३० अंशांवर सावकाश गोठले तर मोठे कण धरतात. थंडीत ओट्यावर ठेवलेली बरणी दोन-तीन तासांत १८ वर येते आणि तूप गुळगुळीत, मेणासारखं थिजतं. उपाय म्हणजे बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरणं आणि रात्रभर न हलवणं. आणखी खात्री हवी तर तूप ३० अंशांवर येऊन किंचित गढूळ दिसू लागलं की जुन्या रवाळ तुपाचा एक चमचा हलकेच मिसळावा. त्या कणांभोवती नवे कण वाढतात. फ्रीजमध्ये ठेवलेलं तूप कधीच रवाळ होत नाही. तसं झालं असेल तर ६० अंशांपर्यंत गरम करून पुन्हा सावकाश निववावं.

साय जमवणाऱ्यांसाठी

आठवडाभर फ्रीजमध्ये जमवलेल्या साईचं तूप कडवट लागतं ही सर्वात जास्त येणारी अडचण. ४ अंशांवरही वाढणारे जंतू असतात. ते फॅट आणि प्रथिनं तोडतात. पहिल्याच दिवशी डब्यात दोन चमचे ताजं दही घालून त्यावर रोजची साय मिसळत गेलं तर आंबटपणा त्यांना अटकाव करतो. नाहीतर साय फ्रीजरमध्ये जमवावी आणि सगळी एकदम कोमट करून विरजावी. सहा-सात दिवसांच्या पुढे ताणू नये.

पुढचा घाणा

गीर गाईचं दूध, साडेचार टक्के फॅटचं, तेवढंच पाच लिटर. त्यात फॅट सुमारे २३० ग्रॅम. गाईच्या दुधातले कण बारीक असतात, साय कमी धरते, म्हणून साईची पद्धत इथे बाजूलाच ठेवली आहे. सगळ्या दुधाचं दही लावायचं. गाईचं फॅट म्हशीच्या फॅटपेक्षा लवकर मऊ होतं, त्यामुळे घुसळण १८ ऐवजी १५-१६ अंशांवर सुरू करायची आणि धुण्याचं पाणी ८ च्या वर जाऊ द्यायचं नाही. कुणी हे करून बघितलं असेल तर लोण्याचं वजन, ताकाचं वजन आणि कण सुटले त्या क्षणाचं तापमान, हे तिन्ही आकडे कळवावेत.