तळघरातला चढ आणि दुसरा गिअर

आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे. बाहेर यायचा चढ छोटा, पण चांगलाच उभा, आणि अर्ध्यावर काटकोनात उजवीकडे वळतो. वळणावर वेग इतका उतरतो की चालणारा माणूस बरोबरीने येईल. आधीच्या गाडीवर तिथे रोजची कसरत ठरलेली: पहिला गिअर, अर्धा क्लच, रेस वाढवलेली, आणि तरीही वळण संपता संपता गाडी एक गचका देणारच. मागे आई बसलेली असली की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. टक्. तो आवाज अजून कानात आहे.

आता तीन वर्षं रॉयल एन्फिल्डची क्लासिक 350 ही मोटरसायकल चालवतोय. पहिल्याच आठवड्यात चुकून दुसऱ्या गिअरमध्येच त्या वळणात शिरलो. बोटं सवयीने क्लचवर गेलीसुद्धा, पण तेवढ्यात गाडी आपली आपण वर निघाली. ॲक्सिलरेटर जेमतेम पिळलेला, ठोके मोजावेत इतके संथ, आणि तरी मागून कोणी हात लावून ढकलतंय अशी ओढ. वर रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "आज किती अलगद आणलीस रे." मी वेगळं काहीच केलं नव्हतं.

गाडीबद्दल सगळे एकच विचारतात, "किती पळते?" मला मात्र ती किती हळू चालते हे सांगायचं असतं. माझं रोजचं चालवणं 20 ते 60 च्या मधलं. सिग्नल, गतिरोधक, पुढच्या गाडीने मारलेला ब्रेक, पुन्हा उचल. या सगळ्यात इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला 2000 ते 4000 फेऱ्यांत असतं. तिथे दम असेल तर दिवस सुखाचा जातो, नसेल तर डावं मनगट संध्याकाळी हिशेब मागतं.

कागदावर या गाडीची कमाल शक्ती 20.2 बीएचपी (अश्वशक्ती) आहे, 6100 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, जास्तीत जास्त 27 न्यूटन-मीटर, 4000 ला. पहिला आकडा वाचून लोक नाक मुरडतात. पण शक्ती म्हणजे शेवटी टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. 9549 ने भागलं की किलोवॅट मिळतात. 27 गुणिले 4000 करून बघा, 11.3 किलोवॅट येतात, म्हणजे जवळपास 15 बीएचपी. कमाल शक्तीतला पाऊण भाग 4000 लाच हातात येतो. उरलेल्या पावासाठी आणखी 2100 फेरे चढवावे लागतात, आणि तेवढ्यात टॉर्क उतरायला लागलेला असतो. तो पाव मला ओव्हरटेक करताना कधीतरी लागतो. पाऊण भाग रोज लागतो.

इथे एक गैरसमज मला मनापासून खटकतो: "लाँग स्ट्रोक आहे, म्हणून टॉर्क आहे." माझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 72 मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 85.8. याउलट आधीच्या 373 सीसीच्या केटीएम 390 ड्यूकचा बोअर 89 आणि स्ट्रोक फक्त 60. तरी तिचा टॉर्क 37, माझ्या गाडीपेक्षा चांगला दहाने जास्त! फरक आहे तो कुठे मिळतो यात. तिचा 7000 ला येतो, माझा 4000 ला. एकदा बसून पिस्टनचा सरासरी वेग काढला. माझ्या गाडीत 6100 ला सेकंदाला सुमारे 17.4 मीटर, ड्यूकमध्ये 9000 ला 18. जवळजवळ सारखेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. लांब स्ट्रोकने टॉर्क पैदा होत नाही, इंजिनाला किती फिरता येईल यावर मर्यादा येते. मग बनवणारा सगळी मेहनत खालच्या फेऱ्यांवर घेतो. हवा आत घेणारी झडप, इनटेक व्हॉल्व्ह, लवकर बंद करतो, म्हणजे मंद फिरताना आत आलेली हवा उलटी बाहेर ढकलली जात नाही. हवेची वाट अरुंद ठेवतो, म्हणजे कमी फेऱ्यांतही ती जोरात आत येते. त्यात इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, फ्लायव्हील, वजनदार असेल तर दोन ठोक्यांमधली पोकळी ते भरून काढतं. चढावरच्या वळणात गाडी मेली नाही, ती या सगळ्यामुळे.

माझ्या गाडीला आरपीएमचा काटा नाही. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटायचं, आता कान आणि तळपाय पुरतात. चार-स्ट्रोक सिंगल सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच ठोका देतं. 4000 ला सेकंदाला 33 ठोके, ते एकमेकांत मिसळून जातात. 1500 ला साडेबारा, आणि त्यातला प्रत्येक सुटा जाणवतो. पाचव्या गिअरमध्ये वेग 40 च्या खाली गेला आणि तरी मी ॲक्सिलरेटर पिळला, की आधी फूटरेस्ट थरथरतो, मग आरशातली मागची गाडी फाटल्यासारखी दिसते, आणि चेन गचके खायला लागते. ही ओढ नव्हे. हा त्रास आहे. मंद फिरणाऱ्या इंजिनात भरपूर पेट्रोल-हवा पेटली की सगळा दाब हळू सरकणाऱ्या पिस्टनवर आणि त्याला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येतो, नॉकिंगही (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) सुरू होऊ शकतं. "या गाडीला गिअर पाडावाच लागत नाही" असं अभिमानाने सांगणारे भेटले की मला त्या बेअरिंगची काळजी वाटते. हलक्या हाताने 40 ला चालू द्या, काही बिघडत नाही. जोर हवा असेल तर एक गिअर पाडा. खालचा टॉर्क चांगला असला की एकच पाडून भागतं, दोन लागत नाहीत. त्याचं सुख एवढंच, आणि ते पुष्कळ आहे.

हे शहाणपण मला पूर्ण कळलं ते एका चुकीनंतर. लांबच्या प्रवासात इंजिन थोडं शांत चालावं म्हणून मी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दाताने मोठं बसवून घेतलं. मोठ्या रस्त्यावर खरंच छान वाटलं, 80 ला ठोके सैल झाले. पण एक दात वाढला की मागच्या चाकापर्यंत पोचणारा जोर सहा-सात टक्क्यांनी उतरतो. ऐकायला किरकोळ. पुढच्या सोमवारी तळघराच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने मान टाकली, मी घाईने क्लच दाबला, पाय टेकला, आणि मागून तोच जुना आवाज आला. टक्. आई काही बोलली नाही, फक्त माझा खांदा घट्ट धरला. ते धरणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तीन आठवडे तसंच रेटलं. सवय होईल असं वाटत होतं. गर्दीत जिथे तिसरा चालायचा तिथे दुसरा, जिथे दुसरा तिथे पहिला आणि अर्धा क्लच. मनगट पुन्हा दुखायला लागलं. गाडी तीच, इंजिन तेच, आणि एका दाताने तिचा स्वभाव बदलला होता.

मग जुनं स्प्रॉकेट परत बसवलं. मोठं वंगण लावून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलंय, एकट्याने लांब जायचं असेल तेव्हासाठी. आई मागे असते त्या दिवशी मी वळणाआधी दुसरा टाकतो, क्लच सोडतो आणि बोटं मुठीवर ठेवतो.