दिवाडीची मानस आणि आमची उघाडी

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की समोर फेरीचा धक्का. पर्यटकांच्या बशी वर चर्चपाशीच थांबतात. खाली फेरीत होते सायकलवाला पोदेर म्हणजे पाववाला, शाळेची पोरं, दोन बोकड आणि मी. पाच-सात मिनिटांत मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर.

लोक दिवाडीला ऑगस्टात बोंदेरासाठी जातात. वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून भांडणं व्हायची म्हणून पोर्तुगिजांनी हद्दीवर बावटे रोवले, आणि लोकांनी ते पाडले. त्या भांडणाचाच आता सण झालाय. मी मात्र ऑक्टोबरात गेलो, तेही बांध बघायला. घरचे हसले. पण मी अलिबागच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला. खाडीकाठी गेलं की इतरांना सूर्यास्त दिसतो, आम्हाला बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध दिसतो आणि त्याला कुठे खांड, म्हणजे भगदाड पडलंय का तेवढं बघून घेतो.

दिवाडीची खाजनं म्हणजे आमची खारशेतीच. खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर भातशेती, मध्ये चिखलमातीचा बांध, आणि बांधात एक दार. आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. जांभ्या दगडाचे खांब आणि त्यांत लाकडी झडपा. भरती चढली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. कुणी हात लावायची गरज नाही. अर्धा तास मी नुसता ते बघत उभा होतो.

तिथेच एक म्हातारे गांवकार भेटले. डोक्यावर टोपी, हातात कोयती. मी त्यांना ‘अंकल’ म्हटलं, ते मला ‘बाब’. बांधावरून आम्ही लांबवर चालत गेलो. डावीकडे कोरगुटाचं पीक पिवळं व्हायला आलेलं. हे खारं सोसणारं जुनं भात. उजवीकडे पाणी, बगळे आणि कमरेएवढे तिवर, म्हणजे खारफुटी.

“तें पळे,” उजवीकडे बोट करून ते म्हणाले, “थंय आमी भात लुंवताले.” म्हणजे तिथे ते भात कापायचे.

पूर्वी ही जमीन एकट्यादुकट्याची नव्हती, गांवकरीची होती, म्हणजे कोमुनिदादची, गावातल्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेची. ही व्यवस्था पोर्तुगिजांच्याही आधीची. त्यांनी 1526 मध्ये गांवकऱ्यांचे रिवाज फक्त कागदावर उतरवून घेतले. शेतांची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव. आलेल्या पैशातून आधी बांध, मानस, देवकार्य आणि मग उरेल ते गांवकारांना झोण म्हणून वाटायचं. बांध फुटला तर झोण बुडणार, त्यामुळे बांधाकडे लक्ष ठेवणारे डोळे शेकडो. फार गोड चित्र काढायला नको, ही झोण मिळायची ती मूळ घराण्यांतल्या पुरुषांना. चिखलात उतरून प्रत्यक्ष बांध घालणाऱ्या मजुराला त्यात काडीचा वाटा नव्हता.

मग 1964 चा कुळकायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. मी अलिबागजवळच्या चरी गावाच्या मुलखातला माणूस. आमच्याकडे 1933 ते 1939 अशी सहा वर्षं कुळांनी शेतं पडीक ठेवून संप केला, तेव्हा कुठे कुळाला किंमत आली. त्यामुळे कसेल त्याची जमीन या गोष्टीला माझ्याकडून विरोध होणे नाही. पण सातबाऱ्यावर शेत चढतं, बांधाचा सातबारा कुणाच्या नावाने काढायचा? कोमुनिदादचं उत्पन्न गेलं तसा तिचा बांधातला जीवही गेला. 1975 च्या नियमांनी कुळांचे संघ केले, बांध सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, आणि खर्चासाठी मानशीतल्या मासेमारीच्या लिलावाचा पैसाही त्यांना दिला.

खरी मेख याच लिलावात आहे. मानशीपाशी जाळं लावलं की ओहोटीच्या पाण्याबरोबर सुंगटं, शेवटे, काळुंदर आपोआप जाळ्यात. पैसा भातापेक्षा चांगला. लिलाव घेणाऱ्याला मासे हवेत, म्हणून त्याला आत खारं पाणी हवं. शेतकऱ्याला ते नको. ठेका मुदतीचा, बांध पिढ्यांचा. त्यात मांडवीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जेसच्या लाटा इतकी वर्षं बांधावर आपटल्या. त्या फायद्याचा पैसाही बांधाकडे फिरकला नाही.

आणि एकदा शेत बुडालं की तिथे तिवर उगवतात. तिवर तोडायला कायद्याने बंदी. ती हवीच, मी स्वतः तिवर वाचवा म्हणून सह्या गोळा केल्यात. पण कागदावर शेत, प्रत्यक्षात कांदळवन, मालकाला ना पेरता येत ना तोडता, असा तुकडा समोर बघितल्यावर त्या सह्यांची जरा टोचणी लागली.

आमच्याकडे काय वेगळं? जोळ होती. दर घरचा माणूस बांधावर, नाही आला तर दंड. पुढे सरकारने खारभूमीचं खातं केलं, 1979 चा कायदा आला, आणि बांध ‘सरकारी’ झाला. आता खांड पडली की गाव फावडं उचलत नाही, अर्ज लिहितं. मीही लिहिलाय एक. अक्षर चांगलं आहे माझं.

परतताना बांधात कुर्लीचं बीळ दिसलं. पाणी पाझरत होतं. अंकल थांबले, दोन मुठी चिखल कोंबला, टाचेने दाबला.

“तुमचं शेत इथं?” मी विचारलं.

“ना रे. म्हजें तें,” म्हणत त्यांनी पुन्हा तिवरांकडे मान वळवली.

जेवायला त्यांनी घरी नेलं. भात, आंबटतिखट कालवण आणि रव्यात तळलेले काळुंदर. असे ताजे मासे मी कित्येक वर्षांत खाल्ले नव्हते. दुसरा वाढून घेताना कुठून आणलेत म्हणून विचारलं.

“मानशीचे,” ते म्हणाले. “औंदू पावणी म्हज्या भाच्यान घेतल्या.”

मी तिसराही घेतला.