अथेन्सला जाल तर सुरुवात दफनभूमीपासून करा

ग्रीक कला बघायला म्हणून अथेन्सला आलेला माणूस बहुतेक वेळा विमानतळावरून उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ॲक्रोपोलिस चढतो. आम्ही आधी केरामाइकोसला, म्हणजे तिथल्या प्राचीन दफनभूमीत गेलो. हा आग्रह ताईचा. ती शाळेत चित्रकला शिकवते, आणि पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवताना मुलांसमोर नुसते सुटे पुतळे येतात, ते कुणी, कुठे, कशासाठी उभे केले हे कुठेच येत नाही, ही तिची जुनी तक्रार. प्राचीन अथेन्समध्ये दगड कोरून घेतला जायचा तो मुख्यतः दोन कारणांसाठी: मेलेल्या माणसासाठी, नाहीतर देवासाठी. म्हणून आधी दफनभूमी, मग देवस्थान आणि शेवटी संग्रहालय, हा क्रम तिने घरूनच ठरवून आणला होता. तुम्हालाही मी हाच क्रम सुचवेन.

केरामाइकोस नावाचं मेट्रो स्टेशन आहे, पण तिथे उतरू नका. प्रवेशद्वार एर्मू रस्त्यावर आहे आणि त्याला थिसिओ स्टेशन जवळ पडतं. हा जुना कुंभारवाडा, नगराच्या तटाला लागून. तटात दोन दरवाजे होते. डिपिलॉन दरवाजातून नगरदेवता अथीनाच्या उत्सवाची मिरवणूक बाजारचौकातून ॲक्रोपोलिसकडे निघायची, आणि पवित्र दरवाजातून एलेउसिसच्या देवस्थानाकडे जाणारा रस्ता बाहेर पडायचा. थडगी या बाहेरच्या रस्त्यांच्या कडेला होती. गावात येणाजाणाऱ्या प्रत्येकाने ती बघावी, नाव वाचावं, हा हेतू उघड दिसतो. एरिडानोस नावाचा ओढा अजून मधून वाहतो, त्याच्या काठच्या गवतात कासवं फिरतात. गर्दी जवळजवळ नसतेच.

इथे डेक्सिलिओसचा शिलापट्ट बघा. जागेवर प्रतिकृती आहे, मूळ पट्ट प्रवेशद्वाराजवळच्या छोट्या संग्रहालयात. घोड्यावरचा तरुण खाली पडलेल्या शत्रूवर भाला रोखतोय. भाला आता नाही, लगाम नाही. ते ब्राँझचे होते आणि ते बसवायची भोकं दगडात तेवढी उरली आहेत. जवळ जाऊन ती भोकं शोधा, कारण ती दिसली की हे शिल्प नुसत्या पांढऱ्या दगडाचं नव्हतं हे लगेच पटतं. खालच्या लेखात हा तरुण कोणत्या वर्षी जन्मला आणि कोणत्या वर्षी कोरिंथच्या लढाईत पडला, दोन्ही दिलंय. मृत्यू इ.स.पू. 394 चा, वय विशीचं. अथेन्सच्या थडग्यांवर जन्मवर्ष सहसा नसतं. मग इथे का? अभ्यासकांचं उत्तर असं की त्याच्या दहाएक वर्षं आधी अथेन्सवर तीस जणांची जुलमी राजवट आली होती आणि घोडदळातल्या श्रीमंत घरांनी तिला साथ दिली होती. आमचा मुलगा तेव्हा लहान होता, त्याचा त्यात हात असणं शक्य नाही, हे घरच्यांना दगडावर नोंदवून ठेवायचं होतं. हे कळल्यावर त्या घोडेस्वाराकडे पुन्हा बघितलं आणि आईबापांची धास्ती दिसली. कलेच्या पुस्तकात याच पट्टाखाली ‘गतिमान रचना’ एवढंच लिहिलेलं असतं.

त्याच रस्त्यावर हेगेसोचा पट्ट आहे, तोही प्रतिकृती. मूळ राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. त्याच्याबद्दल पुढे लिहितो. रस्त्याच्या कडेला गुडघ्याएवढे साधे दगडी खांबही दिसतील. इ.स.पू. 317 च्या सुमारास अथेन्सचा तेव्हाचा शासक डेमेट्रिओस फालेरेउस याने थडग्यांवरच्या उधळपट्टीला कायद्याने चाप लावला, आणि कोरीव पट्टांची परंपरा इथे थांबली. त्यानंतर हे असे खांब. एका कायद्यापायी एक अख्खा कलाप्रकार कसा बंद पडतो, हे एकाच रस्त्यावर उभं राहून बघायला मिळतं.

संग्रहालयातल्या पांढऱ्या तेलकुप्याही चुकवू नका. त्यांना लेकिथॉस म्हणतात, मृतासाठी तेल वाहायला वापरत. पांढऱ्या लेपावर अगदी हलक्या रेषेत काढलेली माणसं, बहुतेक वेळा थडग्यापाशी आलेले नातेवाईक. यातल्या काही कुप्यांच्या आत गळ्यापाशी एक छोटी वाटी असायची, म्हणजे थोडक्या तेलात कुपी काठोकाठ भरलेली दिसे. मला यात लबाडी दिसत नाही. मेलेल्या माणसाला द्यायचं ते पूर्ण दिसायला हवं आणि घरात जिवंत माणसांनाही तेल लागतं, एवढा साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ॲक्रोपोलिस. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, त्यावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. सकाळी आठची घ्या. मुख्य पश्चिम दाराऐवजी डायोनायसॉस देवाच्या रंगमंदिराजवळच्या आग्नेय दाराने जा. रांग लहान असते, आणि देवळाच्या आधी नाटकाची जागा पाहून होते, जी पाहायलाच हवी. नाटकंही देवाच्याच उत्सवात होत. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, घसरणाऱ्या चपला घालून जाऊ नका. उन्हाळ्यात पारा फार चढला की दुपारचे काही तास वरचा भाग बंद ठेवतात. आम्ही ऑक्टोबर अखेरीस गेलो होतो, ती वेळ मला चांगली वाटली. नोव्हेंबरपासून मात्र वेळा आखडतात आणि काही स्थळं दुपारी तीन-साडेतीनलाच बंद होतात.

अथीनाचं मुख्य देऊळ पार्थेनॉन इ.स.पू. 447 ते 432 या काळात उभं राहिलं. वास्तुकार इक्टिनॉस आणि कॅलिक्राटेस, शिल्पकामावर देखरेख फिडियसची, मागे अथेन्सचा नेता पेरिक्लिस याचं राजकारण. वर उभं राहून तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, देवळात जमून पूजा करायची पद्धत नव्हती. वेदी बाहेर उघड्यावर असे, बळी तिथे दिला जाई, मांस लोकांत वाटलं जाई. दुसरी, फिडियसने घडवलेली हस्तिदंत-सोन्याची अथीना ही नगराची गंगाजळीही होती. तिच्यावरचं 40 टॅलेंट (सुमारे हजार किलो) सोनं काढून घेता येईल असंच बसवलं होतं, आणि स्पार्टाशी युद्ध सुरू होताना पेरिक्लिसने नागरिकांना याची आठवण करून दिली, असं तेव्हाचा इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. तिसरी, हा सगळा काळ मित्रराज्यांकडून खंडणी येण्याचा. या राज्यांच्या संघाचा खजिना इ.स.पू. 454 मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला हलवला गेला आणि त्या खंडणीचा साठावा हिस्सा अथीनाला जाई. पार्थेनॉनच्या सौंदर्यापुढे मी खूप वेळ उभा होतो, आणि त्यात दुसऱ्या शहरांचा पैसा आहे हे विसरून ते सौंदर्य बघावं असं मला वाटत नाही.

शेजारचं एरेक्थिऑन मला पार्थेनॉनहून जास्त भावलं. खरी जुनी पूजामूर्ती इथे होती, ऑलिव्हच्या लाकडाची. अथीनाच्या उत्सवात नवं विणलेलं वस्त्र या मूर्तीला अर्पण होई. देवीला महावस्त्र नेसवणं आपल्याकडे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा उत्सव समजावून सांगावा लागणार नाही. या देवळाच्या बांधकामाच्या हिशेबाचे शिलालेखही मिळाले आहेत. नागरिक, परके रहिवासी आणि गुलाम शेजारी-शेजारी काम करत होते आणि रोजची मजुरी सगळ्यांना सारखीच, एक ड्रॅक्मा, म्हणजे चांदीचं एक नाणं. गुलामाचा पैसा त्याच्या मालकाकडे जाई, ही गोष्ट वेगळी. चित्रपट्टीतल्या, म्हणजे देवळाच्या भिंतींवर वरच्या बाजूला फिरणाऱ्या कोरीव पट्टीतल्या, आकृतींचे दर नगाप्रमाणे, एका आकृतीचे 60 ड्रॅक्मा.

त्या आकृती खाली ॲक्रोपोलिस संग्रहालयात आहेत. याचं तिकीट वेगळं. हे संग्रहालय 2009 मध्ये उघडलं, वास्तुकार बर्नार्ड चुमी. शक्यतो शुक्रवारी जा, त्या दिवशी रात्री दहापर्यंत उघडं असतं. पहिल्या मजल्यावर ‘कोरे’ म्हणजे तरुणींचे पुतळे आहेत. हे सगळे अथीनाला वाहिलेले नवस-दान. इ.स.पू. 480 मध्ये इराणी सैन्याने ॲक्रोपोलिस जाळलं, मोडलेले पुतळे पुढे तिथेच पुरले गेले आणि म्हणूनच त्यांच्यावर रंग टिकला. ‘पेप्लॉस कोरे’च्या केसांत, डोळ्यांत आणि वस्त्राच्या काठावर रंगाचे अंश आजही साध्या डोळ्यांना दिसतात. समोरून नको, बाजूने, किंचित वाकून बघा. जवळच खांद्यावर वासरू घेतलेला माणूस उभा आहे, त्याच्या बैठकीवर दात्याचं नाव आहे: रोंबॉस. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची (ग्रीकांना तेव्हा यवन म्हणत) नावं दाते म्हणून कोरलेली आहेत, ती आम्हा दोघांनाही तिथेच आठवली. दान दिलं की नाव दगडावर, ही रीत दोन्हीकडची.

वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची चित्रपट्टी लावलेली आहे, देवळावर होती त्याच दिशांना धरून. लिफ्टमधून बाहेर पडून समोर दिसेल तिथून बघायला सुरुवात करू नका. पट्टीवरची अथीनाच्या उत्सवाची मिरवणूक नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुटते, तिचे दोन फाटे होतात आणि ते पूर्वेला येऊन मिळतात. त्या कोपऱ्यापासून आधी एक बाजू चाला, मग परत येऊन दुसरी. सुरुवातीला घोडे सज्ज करणारे, पुढे भरधाव घोडेस्वार, मग रथ, पाण्याचे घडे वाहणारे, बळीची जनावरं, आणि पूर्वेला बसलेल्या देवतांच्या मधोमध घडी घातलेलं एक वस्त्र. चालण्याचा वेग आपोआप शिल्पाच्या वेगाशी जुळतो. मधाच्या रंगाचे तुकडे मूळ, पांढऱ्या प्लास्टरच्या त्या प्रतिकृती. सुमारे 160 मीटरच्या पट्टीतला निम्मा भाग ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्जिनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेला आणि तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वस्त्राचा प्रसंगही तिथेच. ज्या वस्त्रासाठी सगळी मिरवणूक निघाली ते इथे प्लास्टरमध्ये बघावं लागतं. ते परत यावं असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय शेवटी ठेवा. व्हिक्टोरिया स्टेशनवरून चालत जाता येतं. मंगळवारी ते दुपारी उघडतं, तेव्हा सकाळ वाया जाऊ देऊ नका. पुतळ्यासारखी पोझ देऊन शेजारी फोटो काढायला तिथे मनाई आहे, रखवालदार लगेच हटकतात. त्यांच्या दृष्टीने तो अपमान आहे आणि मला ते योग्यच वाटतं. पेन्सिलने रेखाटनं करत ताई तासन् तास बसली, तिला कुणी काही म्हटलं नाही.

इथे डिपिलॉनचा मोठा घट आहे, सुमारे दीड मीटर उंच, इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याचा, एका स्त्रीच्या थडग्यावर उभा केलेला. नक्षीच्या पट्ट्यांमध्ये एका चौकटीत तिचं शव, आणि भोवती डोक्यावर हात घेतलेली माणसं. केरामाइकोस पाहून आलात तर हा घट काचेआड दिसणार नाही, रस्त्याच्या कडेला दिसेल. फ्रासिक्लेया नावाच्या मुलीचा पुतळाही इथेच. मुकुट, हार, हातात कमळाची कळी. आणि लेख म्हणतो की मला नेहमी कुमारीच म्हणतील, लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं. पारोसच्या अरिस्टिऑनने तो घडवला. ताईने लेखाचा अर्थ वाचला आणि त्या दिवशी पुढे काही रेखाटलं नाही.

आता हेगेसो. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचा हा पट्ट. खुर्चीवर बसलेली स्त्री, समोर दासी दागिन्यांची पेटी धरून. हेगेसोच्या उजव्या हाताची चिमूट बघा: बोटं काहीतरी उचलून धरल्यासारखी, पण बोटांत काही नाही. तो दागिना रंगवलेला होता, रंग गेला आणि चिमूट राहिली. वर नाव आहे ‘प्रोक्सेनोसची हेगेसो’. इ.स.पू. 451 च्या कायद्याने नागरिकत्वासाठी आईवडील दोघेही अथेन्सचे असावे लागत. घराण्याची स्त्री अशी नावानिशी दगडावर येऊ लागली त्यामागे हेही एक कारण असावं, असं काही अभ्यासक मानतात. दासीचं नाव कुठेच नाही.

समुद्रातून 1920 च्या दशकात निघालेला आर्टेमिसिऑनचा ब्राँझ देव तुम्ही पाहालच, तो झ्यूस की समुद्रदेव पोसायडन हा वाद अजून आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. अथेन्सला जाण्याआधी ती बघून घ्या.

बाकी व्यवहाराचं. शेंगेन व्हिसाच्या भेटीची वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा दोन-तीन महिने आधी लागा. विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन थेट गावात येते. सिंटाग्मा स्टेशनात खोदकामात लागलेल्या थरांचा काचेमागचा काप आहे, उतरल्यावर दहा मिनिटं तिथे थांबा. शाकाहारी असाल तर ‘निस्टिसिमो’ विचारा, म्हणजे उपवासाचं. मांस, अंडी, दूध नसतं, पण शिंपल्यांसारखं काही असू शकतं, तेवढं विचारून घ्या. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा फावा आणि भात भरलेले टोमॅटो यांवर आमचं छान भागलं.

एक दिवस हाताशी असेल तर डेल्फी, म्हणजे अपोलोचं देवस्थान, करा. अथेन्सहून बसने साधारण तीन तास, परतीचं तिकीट जातानाच काढा. तिथल्या ब्राँझच्या सारथ्यापुढे खाली वाका आणि त्याची पावलं बघा. तो रथात उभा असताना ती कुणाला दिसणारही नव्हती, तरी प्रत्येक शीर घडवलेली आहे. सिसिलीतल्या जेलाचा राजा पोलिझालोस याने रथशर्यतीच्या विजयानंतर तो अपोलोला वाहिला. संग्रहालय आधी, देवस्थान नंतर करू नका. डोंगर चढून देवळापर्यंत जा, खाली दरीतली ऑलिव्हची झाडी बघा आणि मग उतरून सारथ्याकडे या.